हाडवैर, प्रेम आणि एक खोली

प्रश्न: भुसावळात एका खोलीत राहणाऱ्या दोन तरुणींची कथा मी लिहिली आहे. धुळ्याची सुनंदा रेल्वेत रात्रपाळी करते, तर यावलची मेघा शिकवण्या घेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. दोघींचे हाडवैर असते. पुढे सुनंदा तापाने फणफणते, मेघा तिची शुश्रूषा करते, प्रेम जमते आणि शेवटी नोंदणी विवाह होतो. मैत्रिणींना हे पटत नाही. दोष विषयाचा की मांडणीचा?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर: मांडणीचा. आजारपणात शेजारीणही पेज घेऊन येते. त्यावरून प्रेम सिद्ध होत नाही. शिवाय या दोघी नेमक्या कशावरून भांडतात, हे कथेत कोठेच येत नाही. भुसावळचा उन्हाळा ते कारण आयते पुरवतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो; रात्रपाळीहून आलेल्या सुनंदाला दिवसा अंधार, शांतता आणि कूलर हवा असतो, कूलरला बादल्यांनी पाणी लागते, नळाला ते रोज येत नाही, आणि पहाटे येते तेव्हा भरायला घरी मेघाच असते. दोघींचेही म्हणणे रास्त असल्यामुळे हे वैर खरे वाटेल.

वैऱ्यावर पाळत ठेवावी लागते, आणि तुमचे प्रेम तेथेच उगवावे. सुनंदाची झोप कोणत्या आवाजाने मोडते, हे मेघाला तक्रारींमुळेच ठाऊक झालेले असते. मग एके दुपारी ती आपणहून शिकवणीची मुले देवळाच्या ओट्यावर नेते, कूलर भरून ठेवते, आणि सुनंदाला चक्क राग येतो, कारण भांडायला निमित्तच उरलेले नसते. हा राग सविस्तर लिहा. एरवी प्रमाण मराठीत फटकारणारी सुनंदा त्या भरात ‘तुले काय व्हयनं?’ असे अहिराणीत विचारून बसली आणि मेघा निरुत्तर झाली, तर प्रेमाची कबुली खुशाल लांबवता येईल.

नोंदणी विवाहाचे पान मात्र गाळावे लागेल. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले, तरी १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात अशा विवाहाला मान्यता दिली नाही. त्याऐवजी घरमालकीण दोघींना ‘बहिणीसारख्या राहतात’ म्हणून वाखाणत असतानाच यावलहून मेघासाठी स्थळ आणा, आणि तेही कथेच्या मध्यावर, म्हणजे खोली सोडायची की घरच्यांना नकार कळवायचा, हे ठरवायला दोघींना पुरेशी पाने मिळतील.