संगणकशास्त्रात एम.टेक. की भाषाविज्ञानात एम.ए.?

स. न. वि. वि.

तुमचे पत्र आणि सोबत पाठवलेले प्रकल्पाचे टिपण वाचले. तुम्ही कॉम्प्युटर अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहात, फेब्रुवारीतल्या ‘गेट’ची, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेची, तयारी करत आहात आणि त्याच वेळी एम.टेक. न करता भाषाविज्ञानात एम.ए. करावे असे तुम्हाला तीव्रतेने वाटू लागले आहे. चार वर्षांची फी भरून झाल्यावर कला शाखेकडे वळणे म्हणजे केलेले सगळे वाया घालवणे, असे वडिलांचे मत आहे. कॅम्पस मुलाखतींत दोनदा निवड झाली नाही, हेही तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिले आहे.

त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो. मुलाखतीतल्या नकाराने खचून कोणी विषय बदलणार असेल, तर मी त्याला थांबायला सांगतो, कारण नव्या विषयातही नकार येतातच आणि मग तिथूनही बाहेर पडावेसे वाटते. तुमच्या पत्रात मात्र दुसरेही काही आहे. तुमच्या प्रकल्पातला व्याकरण-तपासनीस, म्हणजे मराठी वाक्यांतल्या चुका शोधणारा प्रोग्रॅम, ‘तू पोळी खाल्लीस’ हे वाक्य पुन्हा पुन्हा चुकीचे ठरवत होता आणि त्याचा शोध घेताना अभ्यासाचे दोन आठवडे त्यातच गेले, असे तुम्ही लिहिता. इथे ‘खाल्ली’ हे रूप ‘पोळी’ या कर्माचे लिंग-वचन घेते आणि त्याच रूपाला लागलेला ‘स’ मात्र ‘तू’ या कर्त्याकडे बोट दाखवतो. ‘त्याने पोळी खाल्ली’ म्हणताना कर्त्याला ‘ने’ लागतो, ‘मी’ आणि ‘तू’ यांना तो लागत नाही. एकाच क्रियापदाने कर्ता आणि कर्म या दोघांशी जुळवून घ्यावे, ही मराठीची रचना वाक्यविचाराच्या अभ्यासकांना फार काळापासून विचारात पाडत आली आहे, आणि तुम्ही कोणी न सांगता तिच्यापाशी पोहोचलात. मला हे महत्त्वाचे वाटते.

म्हणून पहिले काम असे करा. तपासनिसाने केलेल्या शंभर चुका वहीत उतरवा आणि त्यांची कारणांप्रमाणे वर्गवारी करा. हे करताना स्वतःकडे नीट लक्ष द्या: चूक दुरुस्त होऊन प्रोग्रॅम चालू लागला की तुमचे समाधान होते, की ती चूक का झाली हे कळेपर्यंत चैन पडत नाही? पहिले उत्तर आले तर एम.टेक. करा आणि त्यातच भाषा-तंत्रज्ञानाचा विषय निवडा. आयआयटी मुंबईत भारतीय भाषांच्या तंत्रज्ञानाचे स्वतंत्र केंद्र आहे, मराठीचे वर्डनेट, म्हणजे शब्दांचे अर्थसंबंध दाखवणारा संगणकीय कोश, तिथेच तयार झाले. हैदराबादच्या ट्रिपल आयटीतही भाषा-तंत्रज्ञानाचे जुने संशोधन केंद्र आहे. दुसरे उत्तर आले तर एम.ए.चा विचार गांभीर्याने करावा, असे मी म्हणेन.

माझा स्वतःचा कल एम.ए.च्या बाजूला आहे, आणि त्याचे कारण सांगायला हवे. प्रोग्रॅमिंगचा पाया तुमच्याकडे आहे. मशीन लर्निंग आणि मोठी भाषा-प्रारूपे (चॅटबॉटमागची ‘लार्ज लँग्वेज मॉडेल्स’) यांतले नवे ज्ञान त्या पायावर स्वतः अभ्यास करून, प्रकल्प करून मिळवता येते, आणि हजारो अभियंते ते तसेच मिळवत आहेत. ध्वनी कानाने ऐकून लिपिबद्ध करणे, बोलीभाषकांसमोर बसून माहिती गोळा करणे, एखाद्या रचनेविषयी केलेले विधान उदाहरणांनी खोडून काढणे, हे शिक्षण एकट्याने घरी बसून होत नाही. त्याला शिक्षक आणि वर्ग लागतो. पुण्यातील डेक्कन कॉलेजची भाषाविज्ञानाची परंपरा जुनी आहे, भाषाशास्त्रज्ञ डॉ. अशोक केळकर यांनी तिथेच अध्यापन केले, आणि तिथे एम.ए.साठी कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. तुम्ही या विषयाला अगदी परक्याही नाही. थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन या संगणकशास्त्राच्या विषयात तुम्ही व्याकरणांची जी श्रेणी शिकलात, ती १९५६ मध्ये नोम चॉम्स्की या भाषाशास्त्रज्ञाने मांडली होती.

आता वडिलांच्या काळजीविषयी. ती रास्त आहे, आणि तिचे उत्तर भावनेने देऊ नका. गेट उत्तीर्ण होऊन एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते, एम.ए.ला असे काही नसते. महाराष्ट्रात भाषाविज्ञानाचे विभाग मोजके असल्याने प्राध्यापकाच्या जागाही थोड्याच निघतात. कंपन्यांमधले भाषाविषयक काम पुष्कळदा कंत्राटी असते. दुसऱ्या पारड्यात हे आहे की एम.ए.नंतर ‘नेट’ या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात, आणि प्रोग्रॅमिंग येणारा भाषा-अभ्यासक आजही दुर्मिळ आहे. केंद्र सरकारचा भारतीय भाषांतील भाषांतर-तंत्रज्ञानाचा ‘भाषिणी’ उपक्रम २०२२ मध्ये सुरू झाला. अशा कामांना संगणक आणि भाषा दोन्ही जाणणारी माणसे लागतात, आणि मराठीसाठी तयार झालेली साधने अजून फार अपुरी आहेत.

आणि इथे एक व्यावहारिक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. गेटचा गुणांक निकालापासून तीन वर्षे ग्राह्य असतो, एम.ए. दोन वर्षांचे असते. त्यामुळे फेब्रुवारीची परीक्षा मुळीच सोडू नका, उलट मनापासून द्या. चांगला गुणांक मिळाला तर एम.ए. संपताना तोच गुणांक वापरून एम.टेक.साठी अर्ज करता येईल, आणि तेव्हा तुम्ही भाषेची जाण असलेली संगणक अभियंता म्हणून जाल. उलट क्रम तुलनेने अवघड आहे: एम.टेक.नंतर चांगल्या पगाराची नोकरी लागली की ती सोडून पुन्हा दोन वर्षे विद्यार्थी होणे फार थोड्यांना जमते. प्रत्येक संस्थेची त्या वर्षीची माहितीपुस्तिका मात्र स्वतः वाचून खात्री करा. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील तर थेट पीएच.डी.चाही मार्ग आता नियमात आहे, पण विषयाचा पाया नसताना तो धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरची परिस्थिती अशी असेल की पुढची दोन वर्षे तुमच्या उत्पन्नाशिवाय निघणे कठीण आहे, तर आधी नोकरी करा. त्यात कमीपणा काही नाही, एम.ए.च्या प्रवेशाला वयाची घाई नसते. पत्रात याविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही, पण वडिलांशी बोलताना हा प्रश्न तुम्हीच आधी काढा आणि फी, वसतिगृह, जेवण यांचा दोन वर्षांचा अंदाज कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवा. शक्य झाल्यास परीक्षा झाल्यावर त्यांना घेऊन पुण्याला जा, विभागातील प्राध्यापकांची आधी वेळ मागून घ्या आणि मागच्या दोन-तीन वर्षांतले विद्यार्थी सध्या काय करतात, हे वडिलांसमोरच विचारा. तुमचे प्रकल्पाचे टिपण आणि त्या शंभर चुकांची वही सोबत न्यायला विसरू नका.