इथली सनद, तिथली हद्द

"ताई, इथली वकिली तिथे शून्यच ना?" मी समुपदेशक. हा प्रश्न गेल्या काही वर्षांत इतक्या जणांनी विचारला की शेवटी लिहायला बसले. विचारणाऱ्या बहुतेक मुली, लग्नामुळे किंवा नवऱ्याच्या नोकरीमुळे परदेशी गेलेल्या. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कुणी "तू काय करतेस?" विचारलं की त्यांच्या घशात आवंढा येतो.

त्यातल्या एकीची गोष्ट सांगते, तिच्या परवानगीने. तिला रेवती म्हणू.

रेवतीने पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात 7 वर्षं दिवाणी दावे चालवले. वडील साताऱ्याच्या कोर्टात बेलिफ होते, त्यामुळे घरातली ही पहिली सनद म्हणजे सगळ्या कुटुंबाचा अभिमान. मग टोरांटो. पहिल्या व्हिडिओ कॉलला तिच्या हातात एक पत्र होतं. कॅनडात परदेशी कायद्याची पदवी नॅशनल कमिटी ऑन ॲक्रेडिटेशन तपासते आणि कोणत्या विषयांच्या परीक्षा द्यायच्या ते कळवते. संविधान, फौजदारी कायदा, प्रशासकीय कायदा, कॅनडाच्या कायद्याची मूलतत्त्वं आणि वकिलाची व्यावसायिक नीती हे 5 विषय ठरलेलेच. रेवतीला आणखी 2 लागले होते.

"सात वर्षं, सात विषय. एकेका विषयाने माझं एकेक वर्ष खोडलं," ती म्हणाली.

असं वाक्य ऐकलं की धीर द्यावासा वाटतो. मी देत नाही. समुपदेशनाच्या ज्या विवेकनिष्ठ विचारसरणीत मी घडले, तिने मला एक शिकवलं: माणसाला घटना जेवढी पाडते, त्याहून जास्त त्याने त्या घटनेला दिलेलं नाव पाडतं. म्हणून मी नावं ऐकत बसते.

तिसऱ्या बैठकीत मी विचारलं, "टोरांटोचा नावाजलेला वकील उद्या शिवाजीनगरला युक्तिवादाला उभा राहिला तर?"

"राहूच शकत नाही. 2018 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. तात्पुरतं येऊन त्याच्या देशाच्या कायद्यावर सल्ला देऊन जाता येतं, इथल्या कोर्टात उभं राहता येत नाही."

"म्हणजे तो वकील कच्चा?"

"कच्चा कसा? त्याला आपला कायदा माहीत नाही, एवढंच."

हे तिच्या डोक्याला पटलं, मनाला नाही. पुढच्या दोन बैठका पुन्हा तेच रडणं. अशा बैठकांना मी वाया गेलेल्या म्हणत नाही. आमटी उकळायला वेळ लागतोच.

सहाव्या बैठकीत ती म्हणाली, "त्यांनी मला नामंजूर केलं."

तो शब्द मी पकडला. "दिवाणी कोर्टात नामंजूर म्हणजे नेमकं काय हो? मला समजावून सांगा."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती खुर्चीत ताठ बसली. आवाज बदलला. वादपत्राचं, म्हणजे दावा ज्या कागदाने दाखल होतो त्याचं, दोन तऱ्हेने होतं, ती सांगू लागली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 7 रूल 11 खाली ते नामंजूर होतं. दाव्याला कारणच घडलेलं नाही, किंवा कायद्यानेच तो दावा चालत नाही, म्हणजे वादपत्रातच खोट. आणि रूल 10 खाली ते परत केलं जातं. त्यात खोट आहे असं कोर्ट म्हणत नाही. फक्त या कोर्टाला अधिकार नाही, योग्य त्या कोर्टात दाखल करा...

ती थांबली. मी काही बोलले नाही. जवळजवळ अर्धा मिनिट आम्ही दोघी गप्प होतो.

"ताई, माझं रूल 10 आहे."

मी मान डोलावली. पण वकीलच ती, लगेच हरकत घेतली. "पण नव्या कोर्टात सगळं पहिल्यापासून चालतं हं."

"हो, पहिल्यापासून. आणि वकील? तोही नवशिकाच लागतो का?"

ती हसली. इतक्या वर्षांच्या कामात त्या अर्ध्या मिनिटाचं मोल मला फार वाटतं. मी मध्ये एक शब्द टाकला असता, तर ते उत्तर माझं झालं असतं.

माझ्या तेव्हा लक्षात आलं की या मुलींना दिलासा त्यांच्याच धंद्याच्या भाषेत सापडतो. पदवी कमी पडली नाही, हद्द बदलली. कायदा त्या त्या भूमीचा असतो. ती भूमी शिकावीच लागते, आणि त्यात अपमान नाही.

आता जे अजून निघायचे आहेत त्यांच्यासाठी. एजंटाला पैसे देण्याआधी त्या देशाच्या संस्थेचे नियम स्वतः वाचा, कारण वाटा फार वेगवेगळ्या आहेत. इंग्लंडमध्ये 2021 पासून सॉलिसिटर, म्हणजे तिथल्या एका प्रकारच्या वकिलासाठी, एसक्यूई (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन) ही दोन टप्प्यांची परीक्षा आहे. कॅलिफोर्नियात दुसऱ्या देशात सनद असलेल्याला थेट बार परीक्षेला बसता येतं. कॅनडात नुसत्या एलएलएमवर परवाना मिळत नाही, आणि कमिटीचं प्रमाणपत्र हातात आल्यावरही प्रांताच्या लॉ सोसायटीची, म्हणजे वकिलीचा परवाना देणाऱ्या संस्थेची, प्रक्रिया उरतेच. गुणपत्रकं विद्यापीठाकडून थेट पाठवावी लागू शकतात, बार कौन्सिलचा दाखलाही लागू शकतो. ती धावपळ पुण्यात असतानाच उरका, तिकडून फोनवर होत नाही. आणि घरच्यांशी पैशांचं आणि वर्षांचं स्पष्ट बोला. "बघू" या शब्दाने बरीच घरं कडवट झालेली मी पाहिली आहेत.

रेवती आता एका वकिलाच्या ऑफिसात क्लार्क आहे. 4 विषय सुटले, 3 बाकी. मधूनमधून तिला अजूनही रात्रीची झोप लागत नाही, तेव्हा ती मला लिहिते. परवा तिने कळवलं की साताऱ्याहून वडिलांनी फोनवर विचारलं, "काय गं, वकिली सुरू झाली का?"

ती म्हणाली, "दावा दाखल झालाय बाबा. तारखा पडतायत."