साठ गुण, पण किती शॉटमध्ये?

एनबीएतला (अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधला) सर्वांत मोलाचा शूटिंग गार्ड, म्हणजे मुख्यतः बाहेरून शॉट घेणारा गार्ड कोण, यावर बरीच पत्रं आली आहेत. मायकल जॉर्डनचा पहिला नंबर जवळपास सगळ्यांनाच मान्य दिसतो. १९८७-८८ च्या एकाच हंगामात सरासरी ३५ गुण, एमव्हीपी (सर्वांत मोलाचा खेळाडू) आणि वर्षातला सर्वोत्तम डिफेन्डर, हे ज्याच्या नावावर आहे त्याच्याविषयी भांडायचं तरी काय? भांडण आहे ते त्याच्या खालच्या नंबरांचं.

प्रश्न : मी कोबी ब्रायंटच्या बाजूचा. मित्र म्हणतो, क्ले थॉम्प्सनही तितकाच मोलाचा. दोघांचीही साठ गुणांची मॅच आहे. मग प्रत्येक मॅचमागे सरासरी गुण पाहिले की वाद मिटत नाही का? (सांगली)

नाही मिटत. गुण किती खर्चात आले ते मोजा. शॉटच्या प्रयत्नांत फ्री थ्रोच्या (फाऊलनंतर मिळणाऱ्या एका गुणाच्या मोकळ्या शॉटच्या) प्रयत्नांची ०.४४ पट मिळवा, बेरीज दुप्पट करा आणि गुणांना तिने भागा. याला ट्रू शूटिंग म्हणतात. फ्री थ्रोला अर्ध्याऐवजी ०.४४ धरतात, कारण प्रत्येक फ्री थ्रो दोनाच्या जोडीत येत नाही. बास्केट झाल्यावर मिळणारा एकटा फ्री थ्रो किंवा टेक्निकल फाऊलचा (गैरवर्तनाबद्दलचा) फ्री थ्रो संघाची वेगळी चाल खात नाही.

आता १३ एप्रिल २०१६ची कोबीची निरोपाची मॅच घ्या. ६० गुण, ५० शॉट, १२ फ्री थ्रो. ५० अधिक ५.२८, त्याची दुप्पट ११०.५६, म्हणजे ५४.३ टक्के. भावनेच्या दृष्टीने अविस्मरणीय, हिशेबाच्या दृष्टीने साधारण. त्याच वर्षी ५ डिसेंबरला क्लेने इंडियानाविरुद्ध ६० केले ते ३३ शॉट आणि ११ फ्री थ्रोमध्ये : ७९.३ टक्के. तेही २९ मिनिटांत, अवघ्या ११ ड्रिबलमध्ये. चेंडू त्याच्या हातात एकूण दीड मिनिटच होता.

इथे तुमचे मित्र टाळी मागतील, देऊ नका. कोबीच्या ८१ गुणांचाही हिशेब करा (२२ जानेवारी २००६, टोरोंटोविरुद्ध). ४६ शॉट, २० फ्री थ्रो, ७३.९ टक्के. त्यातले ५५ गुण दुसऱ्या हाफमधले, आणि संघ तिसऱ्या क्वार्टरमध्ये १८ने मागे पडला होता. क्लेच्या संघात होते तसे करी आणि ड्युरांट कोबीच्या शेजारी नव्हते. मोकळा शॉट कुणी आणून देत नव्हतं. चेंडू खाली आणायचा, डिफेन्डर झटकायचा आणि शॉटही स्वतःच घ्यायचा. एवढा भार असताना टक्केवारी टिकते तेव्हाच खेळाडूचं वजन कळतं. क्ले आयत्या ताटावर बसला, असा मात्र याचा अर्थ नाही. चेंडू हातात न घेता साठ करणारा माणूस करीच्या वाटचा एकही ड्रिबल खात नाही. संघाची उभारणी शून्यातून करायची असेल तर कोबी. चेंडू खेळवणारा आधीच असेल तर क्ले, आणि तो कमी किमतीतला सौदा ठरेल.

प्रश्न : मॅच बघताना आकडे समोर नसतात. डोळ्यांनी काय बघावं? (डोंबिवली)

न्यूयॉर्कच्या संध्याकाळी साडेसातची मॅच हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी सहाला असते. चहा घेऊन बसलात की एक पूर्ण क्वार्टर चेंडूकडे बघू नका; हे वाटतं तितकं सोपं नाही. शूटिंग गार्ड कॉर्नरला (कोर्टाच्या कोपऱ्यात) उभा असताना त्याच्या डिफेन्डरचे पाय बघा. कॉर्नरचा थ्री (तीन गुणांचा शॉट) २२ फुटांवरून पडतो, वरच्या बाजूला हेच अंतर २३ फूट ९ इंच आहे. डिफेन्डर एका पावलाच्या आत चिकटलेला असेल तर तो आपल्या सेंटरच्या मदतीला जाऊ शकत नाही. गार्डने शॉट घेतला नाही तरी पेंट (रिंगखालचा रंगवलेला भाग) मोकळा राहिला. डिफेन्डरचा एक पाय पेंटमध्ये असेल, तर समोरच्या कोचने त्या गार्डला घाबरायचं सोडलं आहे. अशा माणसाची सरासरी १८ असो नाहीतर २०, प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) त्याच्यामुळे बाकीच्या चौघांची वाट अडते.

दुसरं, स्क्रीननंतरची (साथीदाराने डिफेन्डरची वाट अडवल्यानंतरची) पहिली दोन पावलं. पाय आधीच रिंगच्या दिशेने वळलेले असतील तर चेंडू मिळाल्याबरोबर शॉट सुटतो. वळायला एक ड्रिबल लागला की डिफेन्डर परत आलाच म्हणून समजा.

प्रश्न : आजच्यांपैकी कोण? अँथनी एडवर्ड्स, डेव्हिन बुकर की डोनोव्हन मिचेल? (पुणे)

२०२४-२५ चा हंगाम धरू. एडवर्ड्सने लीगमध्ये सर्वाधिक ३२० थ्री यशस्वी केले, सरासरी २७.६ गुण. बुकर २५.६ गुण आणि ७.१ असिस्ट (ज्यावर साथीदाराने बास्केट केली ते पास). मिचेल २४.० वर, म्हणजे तिघांत मागे. तरी ऑल-एनबीएच्या (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या निवडीच्या) पहिल्या संघात आला तो मिचेलच. दोन हंगाम आधी तो २८.३ करत होता तेव्हा क्लीव्हलँडने ५१ मॅच जिंकल्या होत्या. मिनिटं आणि गुण कमी झाले तेव्हा ६४. चेंडू साथीदार गारलंड आणि मोब्लीकडेही जाऊ लागला, हे त्यातलं मोठं कारण. पण प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत इंडियानाविरुद्ध मिचेलने दुसऱ्या मॅचमध्ये ४८ केले, तरी संघ हरला आणि मालिकाही ४-१ ने गेली. तेव्हा नियमित हंगामाच्या ८२ मॅचचा विचार केला तर मिचेल; पुढची आठ वर्षं कुणावर लावायची असं विचाराल तर आमचं मत एडवर्ड्सला. तो बाकी दोघांपेक्षा वयाने लहान आहे आणि अंगाने दणकट.

किंमत विसरू नका. २०२५-२६ची पगारमर्यादा (संघाच्या सगळ्या खेळाडूंच्या पगारांची मिळून) सुमारे १५.४६ कोटी डॉलर. जुन्या खेळाडूचा सर्वाधिक करार तिच्या ३५ टक्क्यांनी सुरू होऊ शकतो, तरुणाचा साधारणपणे २५ने. तेच २५ गुण एकाकडून ३.८७ कोटींत मिळतात, दुसऱ्याकडून ५.४१ कोटींत. मधल्या दीड कोटीत बेंचवरचा एक चांगला माणूस येतो.

प्रश्न : कधीही ऑल-स्टार न झालेल्या डेस्मंड बेनसाठी ऑर्लँडोने चार फर्स्ट-राउंड पिक (नवे खेळाडू निवडण्याचे पहिल्या फेरीतले हक्क) का मोजले? (नागपूर)

जून २०२५च्या त्या सौद्यात चार पिकबरोबर एक पिक-स्वॅप (पिकची अदलाबदल करण्याचा हक्क) आणि काल्डवेल-पोप व कोल अँथनी हे दोन खेळाडूही गेले. २०२४-२५मध्ये ऑर्लँडोची थ्रीची टक्केवारी लीगमध्ये सर्वांत खाली होती; बेनची कारकिर्दीतली टक्केवारी ४१च्या आसपास. ऑर्लँडोचे बँकेरो आणि वॅग्नर रिंगकडे घुसत तेव्हा वाटेत तिघं उभे असत. बेन कॉर्नरला उभा राहिला की त्यातला एक बाहेर येणार. आधीच नेमबाजांनी भरलेल्या संघाने हीच किंमत मोजली असती तर आम्हीही कपाळाला हात लावला असता.

प्रश्न : सॅन अँटोनियोचा मनू जिनोबिली सुरुवातीच्या पाचात नसायचा, मग त्याला का मोजता? (बेळगाव)

सुरुवातीला कोण उतरलं हे बघू नका, शेवटची पाच मिनिटं कोण खेळलं ते बघा.