वाचकांचे प्रश्न : गोदाकाठची गोल फेरी

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचे वय ७१ असून त्यांचा उजवा गुडघा दुखतो, मुलगा चौथीत आहे. दोघांना घेऊन रविवारी सकाळी नाशिकच्या गोदापार्कात जावे, एका काठाने चालत जाऊन पुलावरून पलीकडच्या काठाने परत यावे, असा आमचा विचार आहे. वाट सपाट आहे, असे सगळेच सांगतात. तरीही निघण्यापूर्वी काय पाहावे?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : वाट सपाट आहे हे खरेच, परंतु गोल फेरीचा हिशेब सरळ वाटेपेक्षा वेगळा असतो, आणि तो घरातून निघण्याआधीच मांडलेला बरा. सरळ वाटेवर दमल्यावर मागे वळले, की जेवढे चालून आलो तेवढेच परत चालायचे असते. गोल फेरीत मात्र निम्मे अंतर ओलांडल्यावर मागे फिरण्यात काहीच वाचत नाही, आणि तुम्ही म्हणता तशा फेरीत तो निम्मा टप्पा बहुधा पुलापाशीच येतो. म्हणून पुढे जायचे की नाही, हे पूल ओलांडण्यापूर्वी ठरवावे. पूल रस्त्याला जोडलेला असल्याने रिक्षा मिळण्याची खात्रीही तिथेच अधिक. पलीकडच्या काठावर अर्ध्या वाटेत गुडघा अडून बसला, तर ती सोय हाताशी राहत नाही. ‘दमलात का?’ असे विचारल्यावर ‘छे, मला काय धाड भरलीय?’ हेच उत्तर मिळणार, तेव्हा सासऱ्यांच्या तोंडापेक्षा पायांकडे लक्ष द्यावे. पाऊल आखडू लागले, किंवा चालता चालता त्यांचे बोलणे बंद झाले, की समजून घ्यावे.

धडधाकट माणूस सपाटीवर ताशी चार-पाच किलोमीटर सहज चालतो. तुम्ही तीन धरावेत. शिवाय पाण्यावरच्या फांदीवर खंड्या दिसला, की मुलगा तिथून हलणार नाही, त्याचाही वेळ मोजावा. पलीकडच्या काठावर बांधीव वाट सलग असेलच, असे गृहीत धरू नये. आदल्या दिवशी घरातल्या कोणीतरी एकट्याने ती पूर्ण चालून पाहावी.

दुखऱ्या गुडघ्याची खरी परीक्षा सपाटीवर नसून पुलावरून काठाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर होते. उतरताना दुखरा पाय आधी खाली टाकावा आणि चढताना चांगला पाय आधी वर ठेवावा. काठी असेल तर ती डाव्या हातात धरावी, कारण दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातातील काठीच त्या गुडघ्यावरचा भार हलका करते. बहुतेक मंडळी ती दुखऱ्या बाजूलाच धरतात.

आता दिशा. आपल्याकडे गंगा, म्हणजे गोदावरी, साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. त्यामुळे उजाडण्याच्या सुमारास निघणार असाल, तर आधी प्रवाहाच्या दिशेने चालावे आणि ऊन वर आल्यावर पश्चिमेकडे तोंड करून परतावे, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो; अशा वेळी गंगापूर रोडच्या बाजूच्या, म्हणजे दक्षिण काठावर, झाडे वाटेच्या वरच्या अंगाला असतील, तर त्यांची सावली वाटेवर पडते; मखमलाबादच्या बाजूला, म्हणजे उत्तर काठावर, तशीच झाडे असली, तरी त्यांची सावली वाटेपासून दूर जाते. डिसेंबरच्या पहाटे सासऱ्यांना ऊन हवेसे वाटेल आणि मेमध्ये सगळ्यांनाच सावली, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

प्रश्न : पावसाळ्यात हीच फेरी केली तर चालेल का? नाशिकमध्ये पाऊस नसेल, तर धोका नसावा असे वाटते.
– एक वाचक, सिडको

उत्तर : नेमका हाच समज घातक आहे. शहरातील पाण्याची पातळी शहरातल्या पावसावर कमी आणि त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांतील पावसावर व गंगापूर धरणातून होणाऱ्या विसर्गावर अधिक ठरते. तुमच्या डोक्यावर ऊन असताना पाणी पायाशी येऊ शकते. विसर्गाचा आकडा क्युसेकमध्ये जाहीर होतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, यावरून हजारांतल्या आकड्यांचा अंदाज करावा. गंगाघाटावर पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत चढले, हे पाहण्याची जुनी रीत पुराची बातमी समजण्यासाठी ठीक आहे. पण ते कळेपर्यंत काठालगतची वाट केव्हाच पाण्याखाली गेलेली असते. विसर्ग सुरू असल्याचे कळले, तर त्या दिवशी काठावर उतरूच नये. पावसाळा सरल्यावरही जायकवाडी धरणासाठी गंगापूर-दारणा धरणसमूहातून काही वर्षी पाणी सोडले जाते, तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही निघण्यापूर्वी चौकशी करावी.

पाणी ओसरल्यानंतरचे काही दिवस मात्र वेगळ्याच कारणाने वाईट असतात. फरशीवर आणि पेव्हर ब्लॉकवर गाळाचा पातळ थर बसतो आणि सावलीच्या जागी शेवाळही धरते. वरून कोरडी भासणारी फरशी बुटाच्या टाचेखाली सरकते. तळव्याला खोल खाचा असलेले बूट घालावेत; रबरी चपला घरी ठेवाव्यात.

प्रश्न : आम्हाला वेळ फक्त संध्याकाळी मिळतो. डासांमुळे थांबवत नाही. काही उपाय?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : सूर्यास्तापूर्वी तासभर निघून अंधार पडण्याआधी वर यावे. साचलेल्या, पाणवेलींनी झाकलेल्या पाण्यात वाढणारे क्युलेक्स डास तिन्हीसांजेनंतर चावू लागतात, त्यामुळे बसण्याची जागा पाणी वाहते असेल अशा ठिकाणी निवडावी. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि डासप्रतिबंधक मलम घोट्यांना व पोटऱ्यांना आवर्जून लावावे. लोक हातांना लावतात आणि घोटे विसरतात.