गावातल्या छोट्या वाचनालयाला जुनी पुस्तकं द्यावीत, पैसे द्यावेत की वेळ?

पैसे द्या, जमेल तर वेळही द्या. पुस्तकांची खोकी मात्र न विचारता नेऊ नका. वाचनालयात देवघेव सांभाळते, म्हणून सांगते: दानात आलेलं पुस्तक वाचनालयाला फुकटात पडत नाही. ते दाखल नोंदवहीत चढवायचं, शिक्का मारायचा, विषयाप्रमाणे वर्गांक ठरवून पाठीवर चिकटवायचा, मग भरलेल्या कपाटात जागा शोधायची. एकटा ग्रंथपाल, तोही बहुधा अर्धवेळ, हे करेपर्यंत गठ्ठे वाळवी खाते. आणि येतं काय, तर अभ्यासक्रम बदललेली गाईडं! पैशातून वाचकांनी मागितलेली पुस्तकं येतात, वर्तमानपत्रांची वर्गणी आणि वीजबिल भागतं (बिलासाठी देणगी द्यायला कुणी पुढे येत नाही, म्हणून ते मुद्दाम विचारा). पावती घ्या.

वेळ देणार असाल तर यातलं एक धरा:
- नोंदी संगणकावर चढवणं
- सुटलेली पानं, पुठ्ठे चिकटवणं
- मुलांना वाचून दाखवणं. यासाठी वार ठरवा आणि पाळा

मुलांची सुस्थितीतली पुस्तकं किंवा स्पर्धा परीक्षांच्या चालू आवृत्त्या असतील तर गोष्ट वेगळी. त्यांची यादी आधी पाठवा, हवी तेवढी वाचनालयवाले निवडून घेतील.