देवाची पूर्वीची कृत्ये आठवूनही आजच्या संकटात विश्वास डळमळतो, काय करावे?

देवाने पूर्वी सांभाळले हे ठाऊक असूनही नवे संकट आले की ते सारे दूरचे वाटते, असे आपण लिहिले आहे. मीही या अवस्थेतून गेलो आहे, म्हणून अनुभवाने जे उमगले ते सांगतो.

बायबलमधील मार्काच्या शुभवर्तमानाच्या 8 व्या अध्यायात, तारवात (होडीत) एकच भाकर असल्याने येशूचे शिष्य चिंतेत पडतात. तेव्हा येशू नवा चमत्कार करीत नाही. पाच भाकरी पाच हजारांना मोडून दिल्या तेव्हा उरलेल्या तुकड्यांच्या किती टोपल्या उचलल्या, हे तो त्यांना विचारतो. ते म्हणतात, बारा. आणि चार हजारांना जेवू घातले त्या वेळी? सात. आकडे तोंडपाठ होते, पण त्या टोपल्यांचा समोरच्या एका भाकरीशी संबंध त्यांनी जोडलाच नव्हता. माझ्या मते आपलेही नेमके इथेच अडते.

बायबलमधल्याच स्तोत्र 77 मध्ये स्तोत्रकर्त्या आसाफाला रात्रभर झोप नाही, आणि देव कृपा करायला विसरला काय, असे तो उघडपणे विचारतो. मग तो ठरवून जुनी कृत्ये आठवू लागतो आणि इस्राएल लोक मिसरातून सुटले तेव्हा समुद्रातून गेलेल्या वाटेपाशी येतो, जिथे देवाच्या पावलांचे ठसे कोणालाच दिसले नव्हते. त्याचे दुःख सरले की नाही, हे स्तोत्र सांगत नाही.

मी एका वहीत तारखेसह नोंदी ठेवतो. वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीची नोंद अशी आहे : 'झोप नाही. स्तोत्र 121 चार वेळा वाचले. पहाटे मन शांत.' वडील त्या आजारातून उठले नाहीत. ते पान फाडून टाकावे असे मला कित्येक दिवस वाटत होते. आज मात्र मी तेच पान सर्वांत जास्त वेळा उघडतो, कारण मागितलेले मिळाले नाही तरी त्या पहाटे मी एकटा नव्हतो, हे माझ्याच अक्षरांत तिथे लिहिलेले आहे. आपणही केवळ मिळालेल्या उत्तरांची यादी करू नये, असे मला कळकळीने वाटते.

काही दिवस असे येतात की वहीसुद्धा मुकी होते. तेव्हा मन तयार नसले तरी प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत मंडळीने मिळून भाकर घेण्याच्या विधीला, जावे. 'माझ्या स्मरणार्थ हे करा' हे शब्द येशूने अनेकांना मिळून सांगितले आहेत. आपल्याला आठवत नसेल त्या दिवशी शेजारी बसलेली मंडळी आठवण काढत असते, आणि भाकर आपल्याही हातात येते.