एमबीबीएस सोडून नाटक लिहायचंय? आधी डॉक्टर स्टोडोलांबद्दल वाचा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा सरकारी कॉलेजात एमबीबीएसच्या सेकंड इयरला, पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत त्याने लिहिलेल्या एकांकिकेचं कौतुक झालं आणि तेव्हापासून म्हणतोय की कॉलेज सोडतो, फक्त नाटकच लिहिणार. बाबांनी बोलणं टाकलंय आणि तुम्ही मधल्यामधे. डॉक्टरकी सोडून नट झालेल्या डॉ. श्रीराम लागूंचं उदाहरण घरात दोन्ही बाजूंनी देऊन झालंय असंही तुम्ही लिहिलंय, म्हणून मी दुसऱ्या एका डॉक्टरबद्दल सांगतो.

इव्हान स्टोडोला. स्लोव्हाकियातल्या लिप्टोव्स्की मिकुलाश या छोट्या गावात १८८८ साली जन्म. याच गावात १८३० मध्ये हौशी मंडळींनी स्लोव्हाक भाषेतलं नाटक बसवलं होतं, त्यामुळे नाटकाचं वेड तिथल्या मातीतलंच म्हणा ना. पण तेव्हा तो सगळा भाग हंगेरीत, मग मेडिकलसाठी बुडापेस्टला गेले, परत येऊन आपल्याच भागात प्रॅक्टिस केली, टीबीविरुद्धच्या कामात कितीतरी वर्षं घातली. आणि त्यांचं पहिलं गाजलेलं नाटक आलं १९२६ मध्ये! म्हणजे वय अडतीस. तुमचा मुलगा वीसचा असेल ना? मग घाई कशाची आहे त्याला?

दोन वर्षांनी त्यांनी ‘बाचोव्हा झेना’ लिहिलं, म्हणजे मेंढपाळाची बायको. नवरा पोटासाठी अमेरिकेला जातो, तिकडे मेल्याची बातमी येते, बाई दुसरं लग्न करते, आणि काही वर्षांनी पहिला नवरा जिवंत परत येतो. यात कोणीच वाईट नाही आणि तरी सगळे उद्ध्वस्त होतात. त्या डोंगराळ गावांतून तेव्हा खरंच घरटी माणसं अमेरिकेला जात होती आणि मागे राहिलेल्या बायका डॉक्टरकडे यायच्याच की. मला तरी वाटतं ही बाई त्यांना दवाखान्यातच भेटली असणार. १९३१ च्या एका कॉमेडीच्या तर नावातच करिअर आहे, ‘योझ्को पुचिक आणि त्याचं करिअर’, साधाभोळा कारकून, सगळे त्याला वापरून घेतात आणि शेवटी चोरीचा आळही त्याच्यावरच. इतकं लिहिलं ते डॉक्टरकी सांभाळूनच, १९७७ ला गेले.

आता मुलाला हे दाखवा. सेकंड इयरला वॉर्ड पोस्टिंग सुरू होतं, हिस्टरी घ्यायला शिकवतात. कधीपासून दुखतंय, त्याआधी काय झालं, घरी कोण असतं. म्हातारी आजी ‘पोटात दुखतंय’ म्हणते आणि पाचव्या प्रश्नाला सांगते की सून जेवायलाच देत नाही. संवाद लिहिणं याहून वेगळं काय असतं हो? त्याला म्हणावं रोज रात्री एक पान लिही, फक्त माणसं कशी बोलली तेवढंच, पेशंटचं नाव-गाव अजिबात नको, तो त्यांचा विश्वास आहे.

आणि प्रॅक्टिकल बोलायचं तर एनएसडीला, म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, जायचं असलं तरी ग्रॅज्युएशन लागतंच, एमबीबीएसची डिग्री तिथे चालते. मधेच सीट सोडली तर दंड, बॉन्ड काय पडेल ते कॉलेजच्या ऑफिसमधून लेखी घ्या, मित्रांच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. इंटर्नशिप संपेपर्यंत वर्षाला एक एकांकिका असं ठरवा, पण ती एक मात्र कुणीही थांबवायची नाही, परीक्षा जवळ आली तरी तारीख बघून बसवू द्या.

बाबांना एकच विनंती. तुमच्या पत्रात त्यांनी मुलाची एकांकिका पाहिल्याचा उल्लेख कुठेच नाही. पुढचा प्रयोग असेल तेव्हा दोघं जा, तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसा, आणि घरी येताना कॉलेजचा विषय काढू नका, नाटकातलं काय आवडलं तेवढंच बोला.